दगा देतो तो ओळखीचा शब्द

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘जुन्या इंग्रजी कादंबऱ्या जड जात असतील तर आधी सोप्या केलेल्या आवृत्त्या वाचा’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. मी पुष्कळ वर्षं कोश उशाशी ठेवून या कादंबऱ्या वाचत आले आहे, म्हणून हे पत्र.

अनोळखी वाक्प्रचार आला की आपण थांबतो, कोश उघडतो. तिथं फसगत होत नाही. होते ती ओळखीच्या शब्दांपाशी. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये (१८१५) घोडागाडीत मिस्टर एल्टन एमाशी ‘व्हायोलंट लव्ह’ करू लागतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हबकलेच. पुढचं सगळं पान ‘ही बाई ओरडत कशी नाही’ या काळजीत वाचलं. तो बिचारा नुसता हात धरून प्रेमाची कबुली देत होता! ‘मेक लव्ह’ म्हणजे तेव्हा प्रियाराधन. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या ‘कन्डिसेन्शन’चे गोडवे गातात, तेही तसंच. आज त्या शब्दाला तुच्छतेचा वास आहे. तेव्हा तो थोरांनी खालच्यांशी सलगीनं वागण्याचा मोठेपणा होता. आणि शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं ‘वेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ घ्या. त्यातलं ‘वेअरफोर’ म्हणजे ‘कुठं’ नव्हे, ‘का’: तू रोमिओच का? तिचं भांडण रोमिओच्या नावाशी आहे, म्हणून तर पुढे गुलाबाची गोष्ट निघते: नाव बदललं तरी सुगंध तोच.

सोप्या आवृत्तीत हे खड्डे बुजतात, कबूल. पण त्यांच्याबरोबर काय काय बुजतं! ‘अ ख्रिसमस कॅरल’च्या (१८४३) सुरुवातीलाच मार्ली दाराच्या खिळ्यासारखा ठार मेलेला आहे, असं सांगून डिकन्स स्वतःच अडतो. दाराच्या खिळ्यात एवढं मेलेलं काय असतं? खिळ्यांत सगळ्यात मेलेला म्हणाल तर शवपेटीचा. पण उपमा पूर्वजांची, तिला हात कोण लावणार, असं म्हणून तो पुढं जातो. (आपण तरी ‘हातावर तुरी’ म्हणताना तुरीच का, हे कुठं विचारतो?) मी चाळलेल्या एका सोप्या आवृत्तीत एवढंच होतं: ‘मार्ली मेला होता.’

तेव्हा पुस्तक मूळच घ्यावं, टिपा असलेलं. सोबतीला ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्यात कुठल्या साली शब्द कुठल्या अर्थानं वापरला, ते उताऱ्यांसकट मिळतं. वेळ लागतो. एमाची ती गाडी घरी पोचायला मला तीन दिवस लागले होते.

आपली,
एक वाचक