पगाराचा आकडा रुपयात छापताय, खर्चाचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात मधूनमधून बातमी येते, सोलापूरच्या पोराला दुबईत अमुक लाखाचं पॅकेज, सोबत फोटो, पेढे भरवणारे आईवडील. कौतुक व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दिरहमचे (तिकडचं चलन) रुपये करून आकडा छापायचा आणि खर्चाबद्दल एक ओळ नाही, हे काय पटत नाही बघा. मी स्वतः दुबईत अकाउंट्समध्ये आहे, सध्या सुट्टीवर जुळे सोलापूरला आलोय, आणि जो भेटतो तो त्या बातमीवरून हिशोब मांडून बसलेला असतो.

तिकडं पगारावर इन्कम टॅक्स नाही, हे खरंच आहे. पण घरभाडं? वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे, कुठं एक, कुठं चार, वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन, आणि लाईट-पाण्याच्या बिलात वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी दर महिन्याला थोडी थोडी लागून येते ती वेगळीच. म्हणून कित्येक जण शेजारच्या शारजात राहतात आणि रोज दोन्ही वेळा ट्रॅफिकमध्ये अडकतात. आपलं इथलं लायसन्स असलं तरी तिकडं परत टेस्ट द्यावी लागते.

परवा आमच्या कॉलनीतल्या एकाच्या मुलाचं ऑफर लेटर बघितलं. एकूण ८,००० दिरहम, घरात सगळे खूश. खाली बघितलं तर बेसिक फक्त ३,००० आणि बाकी सगळे अलाउन्स. आता तिकडं आपल्यासारखा पीएफ नसतो, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या पगाराएवढी, आणि ती मोजतात बेसिकवर. म्हणजे या पोराला पाच वर्षांनी १०,५०० दिरहम, आणि तेच एकूण पगारावर धरलं असतं तर २८,००० झाले असते. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो पण पेपरात तर पॅकेजच देतात की!" आता काय बोलायचं.

अजून एक, व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठराविक मुदतीत दुसरी शोधा नाहीतर परत या, आणि बायकोपोरं तुमच्या व्हिसावर असतील तर त्यांचंही तेच. पोरांची शाळा बहुतेक खासगीच, फी विचारू नका.

डिग्रीच्या अटेस्टेशनचं, म्हणजे ती खरी असल्याच्या सरकारी शिक्क्यांचं, पण कुणी नीट सांगत नाही. सोलापूर विद्यापीठाची असो नाहीतर पुण्याची, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची (दुबई ज्या देशात आहे त्याची) वकिलात, अपॉस्टील (बऱ्याच देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) तिकडं चालत नाही, त्यामुळं हे जायच्या आधीच उरकलेलं बरं, नाहीतर तिकडं बसून इथल्या नातेवाइकांना पळवावं लागतं.

आणि हे तर मोठ्या अक्षरात छापा: यूएईच्या कायद्यानं भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कंपनीनं करायचा असतो, कामगाराकडून घेता येत नाही. इथला एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघता येतं, आणि त्यालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. त्याच्यावर मागत असेल तर पावती मागा, बघा काय म्हणतो ते.

पुढच्या पॅकेजच्या बातमीखाली एवढी चौकट टाकता आली तर बघा, फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर (सध्या नोकरीनिमित्त दुबई)