खुराड्यावरचा बोर्ड

बेळगाव,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे काढलं असतं तर बाबांनी "बरं, बघू" म्हणून फोन आईकडं दिला असता आणि आईनं "जेवलीस का" विचारून विषय मिटवला असता. म्हणून पत्र. सुगीची गडबड चालली असेल, तेव्हा भात घरात आलं की निवांत वाचा. बाबांच्या चष्म्याची काडी अजून तशीच असेल तर आई, तू वाचून दाखव, पण मधलं काही गाळायचं नाही.

जानेवारीत मळण्या उरकल्या की आमच्या कॉलेजची तीस मुलं-मुली घेऊन सात दिवस आपल्या गावात राहायला यावं म्हणते. बाबा यावर काय म्हणणार ते मला पाठ आहे: "परत झाडं लावायला येताय काय?"

बाबा, मी विसरलेले नाही. मी नववीत होते. शहरातल्या एका कॉलेजचं शिबिर आलं होतं आपल्याकडं आणि त्यांनी गायरानात शंभर रोपं लावली. कधी, तर डिसेंबरात. मिरग कुठं, डिसेंबर कुठं. पण त्यांच्या परीक्षा तेव्हा संपल्या होत्या, त्यामुळं झाडंही तेव्हाच लागली. तुम्ही पंचायतीचे मेंबर म्हणून तुम्हाला शाल-श्रीफळ मिळालं. आईनं शेजारच्या काकींना घेऊन चाळीस जणांच्या भाकरी भाजल्या, तिचा हात पोळला तो फोड मला आठवतो. शिवरात्रीपर्यंत शेळ्यांनी रोपांचा हिशेब पुरा केला. उरला तो 'हरित ग्राम' लिहिलेला पत्र्याचा बोर्ड. वाऱ्यानं तो पडल्यावर तुम्ही उचलून आणलात आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलात, अक्षरं खाली करून. अजून तिथंच आहे. दिवाळीला आले तेव्हा बघितला मी.

तुम्हाला कधी बोलले नाही, पण पुढं कॉलेजात गेल्यावर मीही तसलंच एक शिबिर केलं. एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, टोपी घालून एका गावातलं देवळाचं आवार आम्ही झाडून काढलं. तिथल्या बायकांनी ते पहाटेच झाडून, सडा टाकून ठेवलं होतं. आम्ही फोटोसाठी पुन्हा झाडलं. एक म्हातारी पायरीवर बसून गंमत बघत होती. ती काही बोलली नाही म्हणून मला तेव्हा काही वाटलंही नाही.

आता मीच शिकवते आणि ही कामं माझ्याकडं आहेत, म्हणून या सगळ्याचा कारभार कसा चालतो ते तुम्हाला सांगते. एनएसएस सुरू झालं गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ च्या सप्टेंबरात. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार मुलं होती. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर, हा त्याचा साचा. २०१४ साली उन्नत भारत अभियान आलं, त्याचा कारभार दिल्लीच्या आयआयटीकडं. त्यात कॉलेजनं पाच गावं दत्तक घ्यायची. (दत्तक हा शब्द बाबांना आवडणार नाही. मलाही नाही. गाव काय अनाथ आहे?) आमचं विद्यापीठ म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, मच्छेजवळचं. तिथं इंजिनिअरिंगच्या मुलाला पदवीपर्यंत समाजकार्याचे १०० पॉइंट गोळा करावे लागतात. शिवाय सामाजिक जबाबदारीचा एक वेगळा विषयच लावलाय: झाड लावून सांभाळायचं, जुन्या वास्तू पायी फिरून बघायच्या, सेंद्रिय शेती, पाणी वाचवणं, आणि गावोगावचे खाण्याचे पदार्थ. शेवटचं ऐकून आई हसेल. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानंही, दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सुचवलाय, त्यातला निम्मा वेळ तरी वर्गाबाहेर, लोकांत जायला हवा.

कागदावर हे वाईट नाही. सक्ती नसती तर आमच्यातली निम्मी मुलं बेळगाव सोडून कुठल्या खेड्यात एसटी स्टँडच्या पुढं गेली नसती. पण पॉइंट आले की पॉइंटांची गोळाबेरीज येते. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की आम्हा सगळ्यांची धावपळ सुरू होते ती जिओटॅग फोटोंसाठी, म्हणजे ज्या फोटोवर जागा आणि वेळ आपोआप छापली जाते ते फोटो. मुलं किती, तास किती, लाभार्थी किती, सगळ्याला रकाना आहे. गावाला हे काम हवं होतं का, याला माझ्यासमोर आलेल्या कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता.

जुन्या वास्तूंच्या फेरीला मी मुलांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर नेते. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे, आणि त्या माणसांना पाणी पुरावं म्हणून ती विहीर खोदली. मंडप गेले, विहीर राहिली. तिथं एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपण शिबिर करून येतो, मागं काय राहतं?" मी म्हटलं, बोर्ड. ती हसली. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही.

त्यानंतर आम्ही मार्कंडेय नदीच्या बाजूच्या एका गावात गेलो. याला आता तीन वर्षं झाली. तिथं काय घडलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या गावात तेच करायचंय.

पहिल्या दिवशी मुलं छापील फॉर्म घेऊन घरोघरी गेली. फॉर्म कानडी आणि इंग्रजीत, गाव मराठी. मुलांतली बरीचशी रायचूर, बिदर, दावणगेरेकडची. "अज्जी, हेसरु एनु?" विचारलं की म्हाताऱ्या नाव सांगायच्या, आपल्याकडं तेवढं कानडी सगळ्यांनाच येतं. पण तिसऱ्या-चौथ्या घरापासून दारं लागायला लागली. का ते मला संध्याकाळी कळलं. फॉर्मात एक रकाना होता, मातृभाषा. सीमाभागात हा रकाना म्हणजे काय, हे रायचूरच्या पोराला कसं कळावं! १९५६ पासून आपल्याकडं जो येतो तो कागद घेऊन येतो आणि भाषा विचारतो. सीमाप्रश्नावर महाजन आयोग झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. "कुठल्या सरकारचा सर्वे?" हा एकच प्रश्न गावभर फिरला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो रकाना खोडला, फॉर्म मराठीत लिहून काढला आणि पहिला दिवस वाया गेला असं कबूल केलं. पंचायतीच्या पीडीओसाहेबांना, म्हणजे विकास अधिकाऱ्यांना, कानडी प्रत लागते, ती मुलांनी केली. तेव्हापासून तिथं सगळं दोन्ही भाषांत होतं. कामाला वेळ दुप्पट लागतो, पण कुणी दार लावत नाही.

आणि फॉर्मात होतं, 'सार्वजनिक विहिरी : २'. एका मुलानं सगळ्यांसमोर विचारलं, पन्नास पावलांवर दोन विहिरी कशाला? कोणी काही बोललं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली, एक जण उठून गेला. आई, तुला वेगळं सांगायला नको. तो मुलगा परतताना बसमध्ये गप्प होता. पुढच्या खेपेला त्यानं दोन्ही विहिरींचं माप एकाच वहीत, एका पानावर, शेजारी शेजारी लिहायला सुरुवात केली. कोणाला विचारलं नाही त्यानं, आणि कोणी अडवलंही नाही.

माप कसं घ्यायचं ते बाबांना आवडेल. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, खालच्या हातभर टेपेला खडू फासायचा आणि ती विहिरीत सोडायची. वर काढली की खडू कुठवर भिजला ते दिसतं. काठावर धरलेल्या आकड्यातून भिजलेला भाग वजा करायचा, मग कठड्याची उंची वजा करायची. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या ठरलेल्या विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. आम्ही त्याच महिन्यांत जायचो. मधल्या काळात दर सोमवारी मोजायचं काम तिथल्या स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बायकांच्या बचत गटातल्या, एका बाईनं अंगावर घेतलं.

पहिल्या मे महिन्यात आमच्या मुलांनी हिशेब केला आणि पाणी एकदम अडीच फूट खाली गेलेलं निघालं. मुलं खूश, प्रोजेक्टला विषय मिळाला! आलेख काढला, बोअरवेलवर खापर फोडलं, मीही सही केली. वही घेऊन गावात गेलो तर त्या बाई म्हणाल्या, "पाणी एवढं खाली गेलं म्हणता, मग माझा दोर तेवढाच कसा लागतोय?" त्यांच्या दोराला गाठी मारलेल्या होत्या, सुगीची एक, शिमग्याची एक, मिरगाआधीची एक. दोर घागरीला बांधून सोडला तर मिरगाआधीची गाठ बरोबर काठावर आली, मागल्या वर्षीसारखीच. आमच्या पोरानं कठड्याची उंची वजा करायची राहून गेली होती. कठडा अडीच फुटांचा! माझं शिक्षण, माझी सही, आणि चूक काढली कुणी?

त्या दिवसापासून वही गावात राहते. आम्ही तिचा फोटो घेतो, वही नेत नाही. आधी उलटं होतं. माहिती कॉलेजात, अहवाल कपाटात, आणि गावाला काय मोजलं हेसुद्धा ठाऊक नाही. यंदा ग्रामसभेत त्या बाईंनीच वही उघडून सांगितलं की धुण्याचं पाणी एका विहिरीच्या अंगाला मुरतं आणि पाण्याला वास येतो. गटार वळवायचं ठरलं. अर्धं वळलंय. उरलेलं एका घराच्या परड्यातून जातं, तिथं भांडण चालू आहे आणि ते आमच्यानं मिटणार नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर मतं आहेत. एक सर म्हणतात, तीन वर्षांत एक अर्धं गटार, याला काय प्रगती म्हणायची? मी उत्तर देत नाही. बाबा, तुम्ही कर्मवीर अण्णांची गोष्ट सांगायचात, १९१९ साली काल्याला रयतची सुरुवात झाली आणि लोकांनी घरातलं मूठ-मूठ धान्य देऊन शाळा-वसतिगृहं उभी केली. तिथं गाव देणारं होतं. आम्ही जातो तेव्हा मात्र गावाला घेणारं करून टाकतो, तिथंच सगळं बिघडतं असं मला वाटायला लागलंय.

म्हणून तुम्हाला विचारते, कळवते असं नव्हे. पंचायतीनं आणि गावानं नको म्हटलं तर आम्ही येणार नाही, आणि तसं मी प्रिन्सिपॉलना आधीच सांगून ठेवलंय. बाबांनी एकदा चार शहाण्या माणसांना आणि संघातल्या बायकांना एकत्र बसवावं. गल्लीतल्यांनाच नको, गवळीवाड्यावरच्यांनाही बोलवा. त्यांना काय हवंय ते त्यांनी सांगावं. विहिरी मोजायच्या हे माझ्या डोक्यातलं आहे, त्यांच्या डोक्यात काजूला भाव का मिळत नाही हे असेल, तर आम्ही त्याची तयारी करून येऊ. मराठी शाळेचा व्हरांडा रात्री मुलांना झोपायला मिळेल का ते एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, अध्यक्षांना विचारा. जत्रा त्या आठवड्यात येत नाही ना, तेही बघा.

आई, भाकरी भाजायच्या नाहीत. मुलं स्वतः रांधतील, तांदूळ आणि डाळ आम्ही आणू. तू फक्त पहिल्या दिवशी त्यांना चूल पेटवायला शिकव, कारण त्यातल्या निम्म्यांनी गॅसशिवाय काही बघितलेलं नाही. आणि आपल्या परड्यातल्या आडाला सुगीत किती दोर लागतो आणि मिरगाआधी किती, ते मला कळव. इतकी वर्षं तू तो ओढतेस आणि मला हे कधी विचारायचं सुचलं नाही.

बाबांनी गुडघ्याला तेल लावायचं सोडू नये. रताळी काढली असतील तर येणाऱ्या कोणाबरोबर थोडी पाठवा.

तुमची,
धाकटी

ता.क. खुराड्यावरचा पत्रा गंजला असेल तर बाबांनी खानापूरच्या बाजारातून नवा आणावा. आमच्याकडून या खेपेला बोर्ड मिळणार नाही.