'हात लावावा' अशी पाटी लिहिणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

जूनअखेरीस आठवडाभर रंकाळ्याच्या कठड्यावर बांधलेल्या विणकामाच्या पट्टीबद्दल लोक अजूनही मला थांबवून विचारतात. कल्पना माझी, एवढेच खरे आहे. ती उभी राहिली तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगणे बाकी होते.

माझा अकरा वर्षांचा मुलगा बधिरांध आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला मला रुबेला झाला. माझ्या अंगावरचे पुरळ तीन दिवसांत मावळले, बाळ मात्र मोतीबिंदू आणि बहिरेपण घेऊनच जन्मले. बधिरांध म्हणजे पूर्ण आंधळा आणि पूर्ण बहिरा, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अनेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. पण आंधळा माणूस कानांवर आणि बहिरा माणूस डोळ्यांवर जशी भिस्त ठेवतो, तशी ठेवायला यांच्याजवळ दुसरे भरवशाचे इंद्रिय उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बहुविकलांगतेखाली याचा उल्लेख आहे, तरी आमच्या गल्लीत तो अजून 'दोन्हीकडून गेलेला' मुलगाच होता.

हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० चा. त्या निमित्ताने जून महिन्यात देशोदेशी झाडांना आणि कठड्यांना लोकरीचे विणकाम गुंडाळून बधिरांधत्वाकडे लक्ष वेधतात, असे मी वाचले होते. आदल्याच दिवशी आपली शाहू जयंती येते, हे तुमच्या लक्षात आले आणि तारीख तिथेच ठरली.

तुमच्या भिशीतल्या बायकांनी तीन आठवडे खपून विणलेले रंगीत चौकोन तुम्ही आधी माझ्या मुलापुढे ठेवलेत. दोन चौकोन चाचपून त्याने हात काढून घेतला. सगळी लोकर एकाच जातीची, गुळगुळीत होती. रंग बदलले होते, स्पर्श बदललाच नव्हता. मी ओशाळून सावरासावर करू लागले, तर तुम्ही म्हणालात, "त्याचं बरोबर आहे. आपण डोळ्यांसाठी विणलं," आणि तिथेच उसवायला बसलात. तीन आठवड्यांचे काम उसवायला काय लागते, हे विणणाऱ्या बाईलाच कळेल.

मग तुम्ही त्याचा दिवस विचारून घेतलात. त्याला पुढची गोष्ट वस्तूवरून कळते: पंचाचा तुकडा हाती आला की अंघोळ, चमचा आला की जेवण, रेक्झिनची पट्टी आली की रिक्षाने बाहेर. या वस्तू तुम्ही त्याच क्रमाने विणकामात बसवल्यात. मध्ये सुतळीचे खांबाचे टाके, सुती दोऱ्याच्या साखळ्या, आणि शेवटी झोपेसाठी आजोबांच्या धनगरी घोंगड्याचा तुकडा. घोंगडे टोचते म्हणून आपण ते बाजूला सारतो. त्याने मात्र ते गालाला लावले. शिकवताना त्याचे हात ओढू नयेत, आपले हात त्याच्या हातांखाली ठेवावेत, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला ते काढून घेता येतात, हेही तुम्ही मला न विचारता, नुसते पाहून उचललेत.

पाऊस मात्र कोणीच हिशेबात धरला नव्हता. पहिल्याच सरीत लोकर पाणी पिऊन लोंबू लागली, आणि पुढचे सहा दिवस तुम्ही रोज रात्री पट्टी सोडून घरी नेऊन, पिळून, पंख्याखाली वाळवून सकाळी पुन्हा बांधलीत. प्रदर्शनांत 'हात लावू नये' वाचायची सवय असलेली माणसे तुमच्या 'कृपया हात लावावा' या पाटीपुढे आधी घुटमळत. भेळगाडीवाले दादा हात पुसून आले, चमच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे जेवणाचं, होय?" त्यांना कोणीही काही सांगितले नव्हते.

मुलाला आता तुमचे नावही ठेवता आले आहे. विणताना तुम्ही ज्या तर्जनीवर लोकर गुंडाळता, ती तो स्वतःच्या हातावर दोनदा चोळतो. गुरुवारी त्याने तसे तीनदा केले, म्हणजे काकू कुठे आहेत असे तो विचारत होता. येत्या रविवारी आम्ही दोघे तुमच्याकडे येत आहोत. उरलेली सुतळीही परत आणते.

आपली कृतज्ञ,
एका मुलाची आई
कोल्हापूर