पेलेट तडकते ती कशाने?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला हायड्रोजनवरचा लेख वाचला. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, १९,७४४ कोटींची तरतूद, आकडे सगळे बरोबर. पण प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, वाहून नेणाऱ्या सिरॅमिकबद्दल जे एक वाक्य आहे, तेच चुकलंय. सिरॅमिकला उष्णतेचं काही वाटत नाही, अशा अर्थाचं. वाटतं हो, फार वाटतं!

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक होते. शेवटची सहा वर्षं फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी, माझ्या ताब्यात. पीएच.डी.ची मुलं इट्रियम घातलेल्या बेरियम झिर्कोनेटची, म्हणजे अशाच एका सिरॅमिकची, पावडर आणून द्यायची. ती डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची आणि भाजायची मी. तयार व्हायची ती दहा मिलिमीटरची चकती म्हणजे पेलेट, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही लहान. हे झिर्कोनेट मोठं हट्टी, १६०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय घट्ट होत नाही. आणि तेवढ्या आचेला बेरियम उडून जातं. म्हणून क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, त्याच पावडरीत पेलेट पुरून ठेवायची, मग झाकण.

एवढं करून निघालेली पेलेट मोजमापाला लावली की खरी गंमत. झिर्कोनियमच्या जागी इट्रियम बसलं की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. ओलसर वायू सोडला की वाफ त्या जागांत शिरते, आणि तिच्यातलेच प्रोटॉन मग एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात. पाणी प्यायलेला स्फटिक फुगतो. आमच्या गावभागातल्या जुन्या घराचं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं ना, तसंच. तापवलं की पाणी सोडून आकसतो, पण उष्णतेने प्रसरण पावायचं ते पावतोच. म्हणजे एकाच वेळी दोन ओढी. सहाशे अंशांना नुसत्या उष्णतेने दहा मिलिमीटरची पेलेट जेमतेम पाच शतांश मिलिमीटर वाढते. त्यात थंड होताना वरचा थर आधी पाणी पितो, आतला मागे राहतो. घाई केली की टक्‌ असा आवाज. तो आवाज मी शेजारच्या खोलीतून ओळखायचे.

बेरियम सेरेटची तऱ्हा आणखी वेगळी. जपानच्या इवाहारा यांनी १९८१ मध्ये स्ट्रॉन्शियम सेरेटमध्ये हे प्रोटॉन-वहन दाखवलं, त्याच घराण्यातलं हे. शुद्ध बेरियम सेरेट सुमारे २९०, ४०० आणि ९०० अंशांना रचनाच बदलतं. त्यातली ऑक्सिजनची अष्टफलकं, म्हणजे आठ पृष्ठांच्या रचना, कुशीवर कललेली असतात, ती तापताना टप्प्याटप्प्याने सरळ होतात. प्रोटॉन झिर्कोनेटपेक्षा सहज धावतात, पण कार्बन डायऑक्साइडपुढे त्याचा टिकाव नाही, कार्बोनेट होऊन बसतं. एका मुलाने अशी कच्ची भाजलेली पेलेट कपाटात उघडी ठेवली होती. पावसाळ्यानंतर बघितलं तर बशीत पांढरा भुगा.

आता माझी तक्रार. फर्नेस १६०० वर असताना वीज जायची. बॅकअपसाठी अर्ज तीनदा दिला, तीनदा परत आला, ‘एवढ्याशा टिकलीसाठी?’ हा शेरा तोंडी. त्यात दोन मुलांचं वर्ष गेलं. भाजलेली अखंड पेलेट प्रबंधात जाते, तडकलेली कचऱ्यात. खरं तर मिनिटाला दोन अंशांनी तापवायचं की पाच, हे मला तडकलेल्यांनीच शिकवलं. कवलापूरकडच्या वीटभट्टीवाल्यालाही हे कळतं, तो ओल्या विटेला एकदम आच देत नाही.

तेव्हा पुढचा लेख लिहिताना कारखाने किती, कोटी किती याबरोबर हा चार-दोन अंशांचा हिशेबही छापा. लेखकमहाशय सांगलीला आले तर माझ्याकडे हळदीच्या डबीत सात पेलेटी जपून ठेवल्या आहेत. दोन अखंड, पाच तडकलेल्या. चिरा बाहेरून आत गेल्यात की आतून बाहेर, ते भिंगाखाली दाखवीन.

एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
विश्रामबाग, सांगली