टाच आणि शब्द, दोन्हींकडे एकत्र पाहावे

महोदय,

नुकते चालू लागलेले मूल मधूनमधून चवड्यांवर चालते, यात वावगे काही नाही. दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत बहुतेकांची ही सवय आपोआप सुटते. प्रश्न आहे तो त्यानंतरही टाचा न टेकणाऱ्या आणि त्याच वेळी बोलण्यातही मागे असलेल्या मुलांचा. पालक पायांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. बोलण्याबाबत मात्र ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणून घरातली वडीलधारी मंडळी त्यांना थोपवतात, आणि एकाच मुलाच्या या दोन तक्रारी एका कागदावर कधी येतच नाहीत.

चवड्यांवर चालल्यामुळे बोलणे लांबते, असे मुळीच नाही, आणि अशी कित्येक मुले पूर्ण निरोगी असतात. मात्र दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्यांमागे स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी हा मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार असू शकतो. मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या ड्युशेन या स्नायुविकारातही बोलणे उशिरा येऊ शकते. पोटऱ्या फुगीर दिसतात, आणि जमिनीवरून उठताना मूल मांड्यांवर हात टेकत उठते. या विकाराची पहिली शंका सीपीके या साध्या रक्तचाचणीने तपासता येते. बोलणे लांबलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी तर आधी व्हायलाच हवी. त्यासाठी वांद्र्यात ‘अली यावर जंग’ ही वाचा व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

अडचण आहे ती मूल कोणाच्या नजरेस पडते याची. सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयातला लसीचा बूस्टर डोस झाला की पुढचा थेट पाचव्या-सहाव्या वर्षी असतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांची आणि सरकारी व अनुदानित शाळांची तपासणी होते. मुंबईत गल्लोगल्ली निघालेल्या खासगी नर्सऱ्या त्याबाहेर राहतात. तिथे मुले दिवसभर बुटांत असल्याने टाच दिसतही नाही. (बुटाचा पुढचाच भाग झिजलेला असेल, तर तेवढ्यावरूनही शंका यावी.)

पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देताना महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मुलाला अनवाणी दहा पावले चालवून पाहावे, ते दोन शब्द जोडून बोलते का हे आईला विचारावे, आणि दोन्ही नोंदी माता-बाल संरक्षण कार्डावर शेजारी-शेजारी कराव्यात. खासगी नर्सऱ्यांनाही प्रवेशाच्या वेळी हेच बंधनकारक करावे, अशी महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक बालवाडी शिक्षिका, भांडुप, मुंबई