हेरकथांनी हँडलरकडेही पाहावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहशतवादी संघटनेत शिरलेल्या हेराच्या कथा सध्या पडद्यावर आणि पुस्तकांत भरभरून येत आहेत. बहुतेकींचा साचा ठरलेला असतो. अधिकारी दाढी वाढवतो, नाव बदलतो, म्होरक्याचा विश्वास जिंकतो आणि अखेरच्या क्षणी कट उधळून लावतो. प्रत्यक्षात असा माणूस बाहेरून क्वचितच पेरला जातो. जुन्या साथीदाराने किंवा नात्यातल्या कुणी हमी घेतल्याशिवाय या संघटना कुणाला जवळ करत नाहीत. त्यामुळे आधीपासून आत असलेलाच फोडावा लागतो. कधी अटकेच्या धाकाने, कधी पैशाने, कधी त्याचेच मन उडाल्यामुळे. ब्रिटनसाठी १९९८ ते २००६ अल कायदात राहून काम केलेला एमन डीन या तिसऱ्या प्रकारातला. तो संघटनेचा शपथबद्ध सदस्य होता. नैरोबी आणि दार-एस-सलाममधील अमेरिकी दूतावासांवरच्या स्फोटांनंतर त्याचे मन फिरले. पुढे त्याचे काम थांबले ते संघटनेने पकडल्यामुळे नव्हे. एका अमेरिकी पुस्तकात त्याची ओळख पटेल इतका तपशील छापून आला म्हणून.

माणूस फुटला की खरे काम हँडलरच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर सुरू होते आणि आपले लेखक नेमका तिथूनच कॅमेरा दुसरीकडे वळवतात. त्या टेबलावरचे पहिले काम पडताळणीचे. ज्याचे उत्तर आधीच हाती आहे असा प्रश्न विचारायचा. तीच माहिती दुसऱ्या, पहिल्याला ठाऊक नसलेल्या वाटेने येते का ते पाहायचे. हँडलर आपल्या माणसाच्या प्रेमात पडतोच, म्हणून त्याच्या फायलीवर त्या माणसाला कधीही न भेटलेल्या अधिकाऱ्याने शंका काढायच्या. आणि भेट कुठे, कधी, किती जणांत होणार हे हँडलरने ठरवायचे, खबऱ्याने नव्हे.

हे सारे नियम एकाच दिवशी मोडले की काय होते, ते ३० डिसेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानातील खोस्तच्या तळावर दिसले. हुमाम अल-बलावी हा जॉर्डनचा डॉक्टर. इंटरनेटवरील जहाल लेखनामुळे जानेवारी २००९मध्ये जॉर्डनच्या गुप्तचरांनी त्याला उचलले, फोडले आणि पाकिस्तानच्या टोळीवाल्या भागात पाठवले. काही महिन्यांत त्याने कळवले की, आपण अल कायदाचा तेव्हाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता, खुद्द जवाहिरी, याच्यावर उपचार करतो. घास इतका मोठा होता की वॉशिंग्टनमध्ये वरपर्यंत त्याची चर्चा झाली. सीआयएच्या एकाही अधिकाऱ्याने तोवर त्याला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. ओळखत होता तो फक्त त्याचा जॉर्डनी हँडलर. सीमेवरून त्याला घेऊन आलेली मोटार तीन चौक्यांवरून झडतीविना आत सोडली गेली. अफगाण पहारेकऱ्यांना त्याचा चेहरा दिसू नये आणि पाहुण्याला अविश्वास जाणवू नये, ही त्यामागची कारणे. स्वागताला एकदोघे पुरेसे होते, तिथे डझनाहून अधिक माणसे जमली होती. त्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला म्हणून केकसुद्धा तयार होता. मोटारीतून उतरताच त्याने अंगावरच्या स्फोटकांचा स्फोट घडवला. सीआयएची सात माणसे, तो जॉर्डनी हँडलर आणि अफगाण चालक मारले गेले. पुढच्या चौकशीत कळले की, हा माणूस फितूर असावा असा इशारा एका जॉर्डनी अधिकाऱ्याने काही आठवडे आधी दिला होता. अम्मानमध्ये तो ज्याच्या कानावर पडला, त्याने पुढे पाठवलाच नाही.

दुसरा प्रश्न थरारपट हमखास टाळतात. आत बसलेल्या माणसाला गुन्ह्यात किती हात घालू द्यायचा? पडद्यावर नायकाच्या हाती ऐन वेळी खोटी गोळी दिली की प्रश्न मिटतो. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कराचा ‘स्टेकनाइफ’ हा हेर आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या त्याच पथकात होता, ज्याचे काम फितुरांना शोधून मारणे हे होते. ‘ऑपरेशन केनोव्हा’ या चौकशीचा अंतरिम अहवाल मार्च २०२४मध्ये आला. त्यातील निष्कर्ष असा की, या हेरामुळे वाचलेल्या जिवांपेक्षा गेलेले जीव बहुधा अधिक आहेत. शेकडो लोक वाचल्याचा दावा अहवालाने खोडून काढला. खून होणार हे आधी कळूनही हेर उघडा पडेल या भीतीने माहिती दाबून ठेवली जाई. ब्रिटनने २०२१मध्ये निदान हेरांच्या गुन्हेगारी कृत्यांना परवानगी कुणी आणि कशी द्यायची याचा कायदा केला. आपल्याकडे आयबी आणि रॉ संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. त्यासाठी २०११मध्ये लोकसभेत आलेले खासगी विधेयक पुढे सरकले नाही. मला ही गोष्ट गंभीर वाटते.

मुंबईकरांना तर सर्वांत जवळचे उदाहरण डेव्हिड हेडली. तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबऱ्या होता. ऑक्टोबर २००१मध्ये त्याच्याविरुद्ध तक्रार आली, तेव्हा त्याची विचारपूस त्याच्या हँडलरांसमोरच झाली. नोव्हेंबरमध्ये अमली पदार्थांच्या जुन्या शिक्षेनंतरची न्यायालयाची देखरेख मुदतीआधी उठली आणि फेब्रुवारी २००२मध्ये तो लष्कर-ए-तैयबाच्या पहिल्या शिबिरात होता. २००३ अखेरीस त्याचे पाचवे प्रशिक्षण सुरू झाले. २००६मध्ये त्याने दाऊद गिलानीचे डेव्हिड हेडली केले. व्हिसाच्या अर्जात जन्मनाव, वडिलांचे नाव आणि प्रवासाचे कारण या तिन्ही गोष्टी खोट्या लिहिल्या. ताडदेवला इमिग्रेशन कचेरी हे कव्हर. सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात मुंबईच्या पाच वाऱ्या, चित्रीकरण, बोटीतून फिरून किनाऱ्यावर उतरण्याच्या जागांची जीपीएसवर नोंद. दरम्यान त्याच्या पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन त्याच्याविषयी सांगितले होते. २६/११च्या हल्ल्यात १६६ जीव गेल्यावर, मार्च २००९मध्ये, तो पुन्हा भारतात आला आणि दिल्लीतील नॅशनल डिफेन्स कॉलेजची रेकी करून गेला. तो पकडला गेला ऑक्टोबर २००९मध्ये, शिकागोच्या विमानतळावर.

या कथेत कुणीही भिंतीवरून उडी मारत नाही. तरी एका तक्रारीची फाईल दुसऱ्या टेबलावर का पोचली नाही, हे दाखवणारे दृश्य कुठल्याही पाठलागापेक्षा अधिक अस्वस्थ करील. मराठीत हे लिहू पाहणाऱ्यांसाठी शिकागो न्यायालयातील हेडलीचा कबुलीजबाब आणि फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या न्यायालयासमोर व्हिडिओद्वारे झालेली त्याची साक्ष, दोन्ही उपलब्ध आहेत. आधी कबुलीजबाब वाचावा. शिबिरांच्या आणि वाऱ्यांच्या तारखा त्यात ओळीने आहेत, आणि त्या हाताशी ठेवून साक्ष वाचली की तो कुठे हात राखून बोलतो ते लक्षात येते.

आपला,
एक वाचक, ठाणे