आधी ते कुलूप काढा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावरचं महिलांचं स्वच्छतागृह दिवाळीपर्यंत सुरू होईल, असं आम्हाला भर सभेत सांगण्यात आलं होतं. दिवाळी होऊन गेली, दाराला कुलूप तसंच आहे. बसस्थानक तुमच्या खात्यात येत नाही, हे ठाऊक आहे. पण त्या कुलपामुळे होणारे पेशंट तुमच्याच दवाखान्यात येतात.

जायला जागा नाही म्हणून बाया प्रवासात पाणीच पीत नाहीत. लघवी दाट होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात एरवी 400 ते 500 मिली लघवी मावते, पण जंतुसंसर्गात त्याच्या निम्मीही न साठता कळ येते आणि दारापर्यंत पोचायच्या आत साडी भिजते.

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना गळते, ते दुखणं वेगळं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पाळी गेल्यावर, जुन्या खोकल्याने, बद्धकोष्ठाने त्यात भर पडते. पुरुषांत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि भरलेल्या टाकीसारखं थेंब थेंब गळत राहतं. जुन्या मधुमेहात नसा बधिर होऊनही असंच होतं. अशा तुंबलेल्या पेशंटला लघवीची घाई कमी करणारी गोळी दिली, तर लघवी पुरती अडू शकते. म्हणून लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे सोनोग्राफीत पाहावंच लागतं.

आणि आरोग्य केंद्रावर उत्तर काय मिळतं? "वय झालं, असं व्हायचंच." या एका वाक्यावर बाई घरी जाते, परकराच्या आत जुन्या लुगड्याची घडी लावते, जांघा सोलवटतात, लग्नकार्याला जाणं सोडते.

यातल्या कितीतरी जणींना औषधही लागत नाही. वारा अडवताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढायचे, 5 सेकंद धरायचे, तितकाच वेळ सोडायचे. 10 वेळा, दिवसातून 3 दा, निदान 3 महिने. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. पुष्कळ जणी चुकून खाली जोर देतात, त्याने गळणं वाढतं. एवढं शिकवायला मशीन लागत नाही, शिकवणारं माणूस लागतं. ते माणूस ग्रामीण रुग्णालयात का नाही?

महिलांसाठी स्वच्छतागृहं बांधा, असं मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना 2015 मध्येच बजावलं. तरी बायांना आडोसाच शोधावा लागतो. उद्घाटनाला मंडप मिळतो, पण रोज झाडायला माणूस आणि नळाला पाणी मिळत नाही. निविदा काढणाऱ्याला कधी सहा तास लघवी दाबून बसावं लागलंय का? सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी 2018 मध्ये गेला, मग म्हाताऱ्यांच्या डायपरवर तो अजून का?

आशाताई तिशीपुढच्यांच्या तब्येतीची चौकशी करायला दारी जातातच. "लघवी गळते का?" हे त्यांना त्याच वेळी विचारायला सांगा. हो म्हणणाऱ्याची लघवी आणि साखर तपासा. आणि परिवहन खात्याला आजच फोन करून ते कुलूप काढायला लावा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट